फिकट पान खुडू नये

कोथरूड, ७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आप्पा,

सर्वांत आधी नमस्कार, कारण तो विसरला की तुम्ही पुढचं पत्र वाचत नाही, हे मला तिसरीपासून माहीत आहे. तुम्हाला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि मेसेज तुम्ही उघडत नाही. म्हणून त्याच पुण्यात राहून पत्र लिहिते आहे. टपाल कचेरीतल्या बाईंनी अंतर्देशीय मागितल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की मी बैलगाडीचं तिकीटच मागितलं असावं.

काम आहे, आणि मोठं आहे. काकूंच्या पाळणाघरात दुपारी झोपायचं नाकारून तुमच्यामागे बागेत पळणारी मुलगी वनस्पतींवरच पीएच.डी. करते आहे, तेव्हा थोडा दोष तुमचाही आहे. तीन वर्षांपूर्वी पुरंदरच्या एका गावात धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याकडे मला एक ठेंगणा, जुना वाटाणा मिळाला. "कुणी घेत नाय आता, पन दान्याला ताकद हाय," असं म्हणून त्यांनी मूठभर दिला. ती ताकद म्हणजे प्रथिनं. ती खरंच जास्त आहेत का, आणि असली तर का, एवढंच मला सिद्ध करायचं आहे.

आमच्या संस्थेचं ग्रीनहाऊस दुरुस्तीला काढलं आहे. त्याआधीच ऑक्टोबरच्या उन्हात तिथली माझी सगळी रोपं गेली. धोंडिबांचा आता पत्ता नाही, शेत विकून ते लेकीकडे गेले म्हणतात. माझ्याकडे वीस बिया उरल्या आहेत, आप्पा. फेलोशिप मार्चपर्यंत आहे. या हंगामात जमलं नाही तर सोडून द्यायचं, असं मी ठरवलं आहे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुंडी ठेवायला मनाई आहे. तशी पाटी आहे, आणि पाटीखाली ती का लावली याची दुसरी पाटी आहे. तुमची हडपसरची गच्ची मोकळी आहे. बारा बिया तुम्हाला देऊ का? आणि शेजारी तुलनेसाठी बाजारातल्या वाटाण्याच्या बारा कुंड्या. कृपा करून हो म्हणा.

तुमची
वल्लरी

—

हडपसर, १३ नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरी,

आशीर्वाद. पत्र काल मिळालं. बारा मैल यायला पाच दिवस लागले, म्हणजे पत्र चालत आलं असतं तरी लवकर पोचलं असतं.

मेसेज मी उघडतो. पण तिथे लोक उत्तर म्हणून अंगठा पाठवतात. आमच्या खात्यात अंगठा ज्यांना सही येत नसे ते लावत. तेव्हापासून मन उडालं.

चौतीस वर्षं महापालिकेच्या बागेत काढली, त्यातली अकरा हेड माळी म्हणून. आता तेजसच्या घरी माझं काम म्हणजे पार्सल आलं की दार उघडणे, तेही बेल ऐकू येत नाही म्हणून सूनबाईने काढून घेतलं. तेव्हा हो म्हणायला मला वेळ लागला नाही. चोवीस कुंड्या आजच धुऊन उन्हात ठेवल्या.

बिया पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. काय करायचं आणि काय नाही ते कागदावर लिहून आण. मी कागदाप्रमाणे करीन, कमी नाही आणि जास्त नाही.

आप्पा

—

हडपसर, ६ जानेवारी २०२५

चि. वल्लरी,

तू सतरा नोव्हेंबरला बिया लावून गेलीस, बाराच्या बारा उगवल्या, हे तू डिसेंबरात येऊन पाहिलंसच. आता पांढरी फुलं आली आहेत, खालच्या अंगाला शेंगा धरायला लागल्या आहेत. तुझा कागद गच्चीच्या दाराला आतून चिकटवला आहे. पाणी दिवसाआड. खत नाही. फवारणी नाही. शेंग कुणी तोडायची नाही. सूनबाईने, राजनंदिनीने, एकदा "दोनच काढू का पुलावात" असं विचारलं. मी कागदाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी पुलाव झाला नाही.

कुंड्यांचा कोपरा असा ठेवला आहे की कुणी साहेब अचानक आला तरी बोट ठेवायला जागा नको. तेजस म्हणतो, "बाबा, तुम्ही परत ड्यूटीवर रुजू झालात." तो चेष्टेने म्हणतो, पण खरं आहे. सकाळी सहाला जाग येते आणि उठायला कारण असतं.

एक विचारायचं आहे. आयुष्यभर मी झाडांना नत्र घातलं, पण ते आत जाऊन काय करतं हे मला कुणी सांगितलं नाही. साहेब सांगत, "युरिया टाका," आम्ही टाकत होतो. तू तर टाकू नका म्हणतेस. मग या दाण्यात ताकद कुठून येणार? वेळ झाला की लिही. हेमाताईंच्या गुडघ्याचं काय ठरलं?

आप्पा

—

कोथरूड, २१ जानेवारी २०२५

प्रिय आप्पा,

उत्तराला उशीर झाला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दहा दिवस मी दवाखाना आणि लॅब एवढंच करते आहे. ती बरी आहे, म्हणजे फिजिओथेरपीच्या मुलाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढण्याइतकी बरी आहे. महिनाभर तरी मला हडपसरला येता येणार नाही. ती झोपली आहे, म्हणून तिच्या खाटेशेजारी बसून तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते.

वाटाणा नत्र दोन वाटांनी घेतो: मातीतून, आणि मुळांवरच्या गाठींमधून, जिथले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात. म्हणून तुम्हाला युरिया नको म्हटलं. झाड या नत्राची अमिनो आम्लं करतं. प्रथिन ही भिंत मानली तर अमिनो आम्लं या तिच्या विटा. विटा एका जागी तयार होतात आणि भिंत बांधायची असते दुसरीकडे, दाण्यात. मधे वाहतूक.

पानातून शेंगेकडे साखरेचा रस नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्याच रसातून अमिनो आम्लंही जातात. पण ती आपोआप नळीत शिरत नाहीत. पेशीच्या पडद्यात काही खास प्रथिनं दारवानासारखी बसलेली असतात. ती एकेक अमिनो आम्ल ओळखून आत घेतात. दारवान जितके जास्त, तितकी विटांची पाठवणी जास्त. शेवटी आणखी एक गंमत आहे. नळी दाण्याच्या सालीपर्यंत येते आणि थांबते. आतल्या कोंभाला ती जोडलेलीच नसते. साल आपल्याकडचं सोडते आणि कोंभ ते आपल्या दारांनी उचलून घेतो. म्हणजे भरवणं नाही. ताट समोर ठेवायचं, जेवणाऱ्याने हाताने जेवायचं.

आता तुमचा प्रश्न, ताकद कुठून. दाणे भरायला लागतात तेव्हा मुळांच्या गाठी थकलेल्या असतात आणि मागणी मात्र सगळ्यांत जास्त असते. मग झाड पानांकडून वसूल करतं. पान स्वतःची प्रथिनं मोडतं, ज्यांच्या जोरावर ते अन्न बनवत होतं तीच, आणि त्यांच्या विटा करून वर पाठवतं. खालच्या पानापासून सुरुवात. दाण्यातला निम्म्याच्या आसपास नत्र असा पानांतून आलेला असतो. म्हणून पान फिकट होतं. लोकांना वाटतं ते आजारी आहे किंवा संपलं आहे. खरं तर पान फिकट दिसतं तेव्हा ते कामात असतं.

आणि माझा अंदाज असा आहे की धोंडिबांच्या वाटाण्याच्या पानांत दारवान जास्त आहेत. म्हणून तो बाजारच्या वाटाण्यापेक्षा लवकर फिकटतो आणि त्याचा दाणा जास्त भरतो. तुमच्या गच्चीवर सध्या नेमकं हेच चाललं असणार. ते पाहायला मी तिथे नाही, याचं वाईट वाटतं आहे. तुम्ही आहात, हे बरं आहे.

तुमची
वल्लरी

—

हडपसर, २९ जानेवारी २०२५

चि. वल्लरी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

झाडं ठीक आहेत. शेंगा भरत आहेत. थंडी कमी झाली आहे. हेमाताईंना म्हणावं, जिना इतक्यात चढू नका.

आप्पा

—

कोथरूड, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आप्पा,

चार ओळी? तुम्ही तर साध्या पाटीवरही यापेक्षा जास्त लिहिता. मला आधी वाटलं, माझं पत्र फार शाळेसारखं झालं आणि तुम्हाला राग आला. मग वाटलं, तब्येत बरी नसेल. आई म्हणते, "त्यांना एकटं वाटत असेल, तू गेली नाहीस महिनाभर." तसंच असेल तर मला माफ करा. तुम्ही नसता तर या बिया अजून फ्रीजमध्येच असत्या आणि मी केव्हाच हरले असते. हे तोंडावर सांगायला मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते: माझ्या कामात माझा सगळ्यांत जास्त भरवसा कुणावर असेल तर तो तुमच्यावर आहे.

सोळा फेब्रुवारीच्या रविवारी शेंगा काढायला येते. तुमच्यासाठी बाकरवडी आणते. कवळी सांभाळा.

वल्लरी

—

कोथरूड, ७ मार्च २०२५

प्रिय आप्पा,

निकाल आला. बाजारच्या वाटाण्यात शंभराला तेवीस भाग प्रथिन. माझ्यात वीस.

जास्त नाही, बरोबरीनेही नाही, कमी. मी तीन वेळा तपासलं. ऋचा मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, म्हणाल्या की शेतकऱ्याच्या एका वाक्यावर तीन वर्षं लावली की असं होऊ शकतं. रागावून नाही म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

प्रयोगशाळांना रसायनं विकणाऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली आहे. गुरुवारी कळेल. काम वाईट नाही. बॅग घेऊन फिरायचं.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. शेंगा काढायला आले तेव्हा तुमची गच्ची पाहून मला भरून आलं होतं. एवढ्या स्वच्छ कुंड्या मी आमच्या संस्थेतही पाहिल्या नाहीत. तुम्ही कागदावरचं सगळं केलंत. चूक माझ्या डोक्यात होती.

तुम्ही त्या दिवशी फार गप्प होता. बाकरवडीही खाल्ली नाहीत. डॉक्टरांना दाखवा.

वल्लरी

—

हडपसर, ११ मार्च २०२५

चि. वल्लरी,

हे पत्र तेजसच्या हाती पाठवतो आहे, पोस्टाने नाही. गुरुवारच्या आत तुला मिळायला हवं.

चूक तुझ्या डोक्यात नव्हती. माझ्या हातात होती.

नोकरीला लागलो त्या वर्षी एका साहेबाने तपासणीला येऊन माझ्या वाफ्यातलं एक पिवळं पान उचललं, आपल्या वहीत ठेवलं आणि महिनाभर जो भेटेल त्याला दाखवलं. तेव्हापासून पान पिवळं होईपर्यंत मी थांबलो नाही. रंग जरा उतरला की खुडायचं. माझ्या हाताखालच्या प्रत्येक माळ्याला मी हेच शिकवलं. चालता चालता खुडायचं आणि खिशात टाकायचं. ते मी करतो हे मला कळतही नाही. राजनंदिनीने जानेवारीत कपडे धुण्याच्या मशीनमधून मूठभर पानं काढून विचारलं, "आप्पा, ही कसली?" मी म्हणालो, "असतील कुठली तरी."

तुझ्या कागदावर पानं खुडू नका असं लिहिलेलं नव्हतं. पण ते काही उत्तर नाही.

तुझं एकवीस जानेवारीचं पत्र आलं तोवर मी तीन आठवडे खुडत होतो. आणि तूच लिहिलंस की तुझा वाटाणा आधी फिकटतो. बरोबर आहे. बाजारच्यांची मी थोडी काढली, तुझ्यांची जवळजवळ निम्मी. जे पान कामात होतं ते मी कामावरून काढत होतो. पत्र वाचलं आणि हात थांबवला, पण उशीर झाला होता.

तेव्हाच लिहायला हवं होतं. चार ओळी लिहिल्या. मग तुझं भरवशाचं पत्र आलं, आणि त्यानंतर तर धीरच झाला नाही. तू शेंगा काढत होतीस तेव्हा मी तुझ्यामागे उभा होतो, जिभेवर आलं होतं. तू वळून म्हणालीस, "किती स्वच्छ ठेवलंय आप्पा." मी आत जाऊन चहा टाकला.

सदुसष्ट वर्षांच्या माणसाने असं घाबरणं शोभत नाही. पण तू यायची बंद होशील याची भीती वाटली. घरात सगळे चांगले आहेत, पण माझ्याशी कामाचं कुणी बोलत नाही. तू बोलत होतीस.

तुझ्या मॅडमना हे पत्र दाखव. मला लाज वाटणार नाही. नोकरी घ्यायची तर घे, पण माझ्या चुकीमुळे घेऊ नकोस.

आप्पा

—

कोथरूड, २ एप्रिल २०२५

प्रिय आप्पा,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

मला राग आला होता. पानांचा नाही. पानांचं मी सांगायला हवं होतं. बागेत तुमच्यामागे फिरताना तुमच्या खिशातली पानं मोजणारी मीच होते, मला ते आठवायला हवं होतं. राग आला तो तुम्ही गप्प राहिलात त्याचा. सहा आठवडे तुम्हाला माहीत होतं आणि मी स्वतःला मूर्ख म्हणून घेत होते. माणसाला माहीत असलेली गोष्ट त्याने सांगायला हवी, आप्पा. कितीही भीती वाटली तरी. हे लिहून झाल्यावर आता माझा राग गेला आहे.

पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "हे गृहस्थ माळी होते? यांनी तर अर्धा प्रयोग करून ठेवला आहे." त्यांचं म्हणणं असं: खुडल्यामुळे माझ्या वाटाण्याचं नुकसान बाजारच्यापेक्षा जास्त झालं असेल, तर त्याचा दाणा पानांवर जास्त अवलंबून आहे. म्हणजे माझा अंदाज चुकला नाही, उलट खरा असण्याची शक्यता आहे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. तो मुद्दाम करून पाहायला हवा. अर्ध्या कुंड्या खुडायच्या, अर्ध्या नाही. बियांची अडचण नाही. तुमच्या गच्चीवरच्या दाण्यांत प्रथिन कमी असलं तरी वाण तोच आहे, आणि ते दाणे शंभराच्या वर आहेत.

फेलोशिप डिसेंबरपर्यंत वाढवून मिळाली. डिसेंबरनंतर मात्र नाही, हा शेवटचा हंगाम. कंपनीला मी नकार कळवला. आई तीन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "आप्पांना म्हणावं, या वेळी हात बांधून ठेवा."

जुलैत, हवा थंड झाली की, तुमच्याच गच्चीवर लावायचं आहे.

वल्लरी

—

हडपसर, ७ एप्रिल २०२५

चि. वल्लरी,

पत्र वाचून बरं वाटलं. जे बोललीस ते योग्य बोललीस.

गच्ची घे. कुंड्या घे. मला मात्र यात धरू नकोस. माझ्या हातांवर माझा विश्वास राहिलेला नाही. खाली पोपट नावाचा वॉचमन आहे, सरळ आहे. सांगितल्याशिवाय कशालाच हात लावत नाही, कधी कधी सांगूनही लावत नाही. त्याला शिकव.

आप्पा

—

कोथरूड, ११ एप्रिल २०२५

आप्पा,

पोपटकाकांना पान कधी फिकटतं हे कळणार नाही. तुम्हाला ते इतरांच्या आठ दिवस आधी कळतं, आणि नेमकं त्याच वेळी खुडायचं आहे. दुसऱ्या कुणाला ते दिसणारही नाही. खुडायच्या कुंड्यांना लाल दोरा बांधीन. बाकीच्यांजवळ नुसतं बसायचं. जुलैत येते.

वल्लरी

—

हडपसर, ३ सप्टेंबर २०२५

चि. वल्लरी,

तू मागच्या रविवारी येऊन पाहून गेलीस, तरी लिहितो. समोर असलीस की तुझे ओठ वाचण्यात माझा वेळ जातो आणि बोलायचं राहून जातं.

लाल दोऱ्याच्या कुंड्यांचं काम सकाळी पंधरा मिनिटांत होतं. खुडतो, पाकिटात घालतो, तारीख लिहितो. मग उरलेल्या कुंड्यांसमोर बसतो. ते काम अवघड आहे. पहिले काही दिवस हात शिवशिवत होते, ते मांडीखाली दाबून बसलो. राजनंदिनी कपडे वाळत घालायला आली आणि खुणेने विचारलं, "ध्यान चाललंय का?" मी म्हणालो, "ड्यूटी."

चौतीस वर्षांत मी एकही पान आपलं आपण गळताना पाहिलं नव्हतं. आधी कडेने रंग जातो, शिरा मात्र हिरव्या राहतात. तू लिहिलं होतंस तसंच, माल जाण्याचा रस्ता शेवटपर्यंत चालू. मग शिराही जातात. पान कागदासारखं होतं, तरी देठ धरून असतो. एका पानाला एकोणीस दिवस लागले. मी रोज त्याच्याजवळ होतो. ते गळलं तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं, हलकं होतं. आणि त्याच्या वरची शेंग भरलेली होती.

हे बघताना तुझ्या काकूची, चंद्रभागेची, आठवण येते. तुला सांगतो, कारण तूच म्हणालीस की सांगायला हवं. ती शेवटचा महिना दवाखान्यात होती आणि मी बागेत. पुष्पप्रदर्शन आलं होतं. संध्याकाळी जायचो, चादर ओढून नीट करायचो, पाण्याचा तांब्या भरायचो, झाडूवाल्याशी भांडायचो आणि पंधरा मिनिटांत निघायचो. मी तिथे थांबून काय करणार, असं म्हणायचो. हाताला काम नसलं की मला तिथे उभं राहवत नसे. आता रोज दोन तास वाटाण्याजवळ बसतो आणि मनात येतं की हे तेव्हा का आलं नाही. तिच्याजवळ बसायला हवं होतं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

शेंगा पंधरा दिवसांत तयार होतील.

आप्पा

—

कोथरूड, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आप्पा,

आधी निकाल, कारण तुम्ही वाट पाहत असाल. न खुडलेल्या कुंड्यांत बाजारच्या वाटाण्याला चोवीस, धोंडिबांच्या वाटाण्याला एकोणतीस. खुडलेल्यांत बाजारचा बावीस, आपला वीस. पाकिटातल्या पानांत नत्र भरलेला सापडला, आणि तुमच्यासमोर गळलेल्या पानांत जवळजवळ काहीच नाही. दारवान किती आहेत तेही आता मोजून झालं, आपल्यात दुपटीहून जास्त. मॅडमनी आकडे पाहिले आणि कॅन्टीनमध्ये स्वतः जाऊन चहा आणला. त्यांच्या बाबतीत हे सुवर्णपदकासारखं आहे. प्रबंध डिसेंबरात देते. जमलं, आप्पा. तुमच्यामुळे जमलं, हे मी कुणालाही लिहून देईन.

तुमच्या तीन सप्टेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. मधे दोनदा येऊन गेले, शेंगा काढल्या, जेवले, तरी त्यावर बोलले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. आता लिहिते.

काकू दवाखान्यात होत्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुपारी कॉलेज सुटलं की डबा घेऊन जायची, हे तुम्हाला माहीत आहे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "ह्यांना एक सांगशील? म्हणावं, चादर राहू दे, तांब्या राहू दे. नुसतं बसा माझ्यापाशी."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकापर्यंत आले. तुम्ही गुलाबांच्या कुंड्या लावून घेत होता, चार माणसं हाताखाली होती. मला वाटलं, मी कोण हे सांगणारी? मोठ्या माणसांच्या मधलं आहे. तुम्हाला वाईट वाटेल, तुम्ही रागवाल. परत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि पुन्हा परत गेले. काकूंनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणाले. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

आठ वर्षं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये मी तुम्हाला केवढं सुनावलं होतं, माहीत असलेलं सांगायला हवं म्हणून. तुम्ही सहा आठवडे गप्प होता, मी आठ वर्षं. तुम्ही थांबला नाहीत म्हणून त्यांना शेवटी काय वाटलं असेल, ते मला माहीत नाही. मी सांगितलं असं त्यांना वाटत होतं आणि तरी तुम्ही बसला नाहीत. हे माझ्यामुळे झालं.

तुम्ही मला भेटायचं बंद केलंत तरी मी समजून घेईन. पण हे तुमच्यापाशी यायलाच हवं होतं.

वल्लरी

—

हडपसर, ३० ऑक्टोबर २०२५

चि. वल्लरी,

तुझं पत्र सकाळी मिळालं. दुपारी जेवलो नाही, म्हणून राजनंदिनी दोनदा येऊन पाहून गेली. तिला पत्र वाचायला दिलं. ती बराच वेळ माझ्याशेजारी बसली.

एकोणतीस आकडा तेजसला सांगितला. त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितला. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण छाती फुगवून सांगितला. मला फार आनंद झाला आहे.

आता दुसरं. तू फाटकातून आत आली असतीस आणि निरोप दिला असतास, तर मी "बघतो" म्हणालो असतो आणि गुलाबांकडे वळलो असतो. मी तेव्हा तसाच माणूस होतो. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी स्वतःला ओळखतो. चंद्रभागाही ओळखत होती. तिने मला स्वतः सांगितलं नाही, कारण मी काय म्हणेन ते तिला माहीत होतं. म्हणून तुझ्यासारख्या पोरीला पाठवलं. ते ओझं तुझं नव्हतं. ते माझं आहे आणि मी घेतलं आहे.

पण तिने मला बोलावलं होतं, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला माझी अडचणच होत असेल, म्हणून ती काही म्हणत नाही. तिला मी हवा होतो. हे तू मला दिलंस. याच्यापुढे बाकी काही नाही.

रविवारी ये. कुंड्या रिकाम्या आहेत, काम काही नाही. नुसतं बसू.

आप्पा